जुन्या लेथचा पट्टा पुन्हा पुन्हा का घसरतो : स्पिंडलपासून मोटरपर्यंतची तपासणी

कोन पुलीच्या (पायरीपायरीने व्यास बदलणाऱ्या पुलीच्या) जुन्या लेथवर थोडा जाड कट दिला की पट्टा घसरतो, पट्टा आवळला की काही दिवस काम निभते आणि मग तीच तक्रार पुन्हा सुरू होते. भोसरीच्या एखाद्या शेडमधला लेथ असो, पर्वतीच्या औद्योगिक वसाहतीतला असो किंवा सिंहगड रस्त्यावर कोणी हौसेने पडवीत मांडलेला छोटा लेथ असो, दुखणे आणि त्यावरचा उपाय बहुधा हाच असतो. माझे ठाम मत असे आहे की पट्टा आवळणे हा या तक्रारीवरचा उपाय नव्हेच. पट्टा घसरतो तेव्हा तो मोटरपासून स्पिंडलपर्यंतच्या (जॉब, म्हणजे कापायचे काम, फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टपर्यंतच्या) साखळीत कुठेतरी असलेला दोष दाखवत असतो. तो दोष तसाच ठेवून ताण वाढवला, तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो ती नळीसारखी बेअरिंगे) झिजतात, काउंटर शाफ्ट (मोटर आणि स्पिंडल यांच्यामधला शाफ्ट) वाकतो आणि आज जे काम पट्टा व शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) बदलून भागले असते त्यासाठी वर्षभराने स्पिंडल बाहेर काढावा लागतो.

पुढील सर्व विवेचन ज्या लेथवर हेडस्टॉकमध्ये (स्पिंडल धरणाऱ्या पेटीत) पायऱ्यांची कोन पुली, मागे काउंटर शाफ्ट आणि त्यामागे वेगळी मोटर अशी रचना आहे, त्यांच्यासाठी आहे. पूर्वी अनेक यंत्रे छतालगतच्या एकाच लाइन शाफ्टवर चालत आणि प्रत्येक यंत्राला वरून पट्टा येई. नंतर प्रत्येक लेथला स्वतःची मोटर मिळाली, तेव्हा काउंटर शाफ्ट लेथच्या मागे किंवा पायाच्या कपाटात आला. आपल्याकडच्या कारखान्यांत अजूनही दिसणारे हरिहर, बटाला आणि राजकोटचे अनेक जुने लेथ, तसेच बाहेरून आलेली छोटी इंग्रजी व अमेरिकन यंत्रे याच घडणीची आहेत. संपूर्ण गिअरचा हेडस्टॉक असलेल्या लेथला यातला फक्त मोटरकडच्या व्ही बेल्टचा (खोबणीत बसणाऱ्या निमुळत्या पट्ट्याचा) भाग लागू पडेल.

तपासणीला हात घालण्यापूर्वी स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढावा किंवा मेनचा फ्यूज उतरवून खिशात ठेवावा. फिरत्या पट्ट्यावर बोटाने ताण पाहू नये आणि लेथवर हातमोजे घालू नयेत.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच उलटा असतो. लोक मोटरपासून सुरुवात करतात, कारण मोटर सहज सरकवता येते. पण या साखळीत जागेवर पक्का असलेला एकच शाफ्ट आहे, तो म्हणजे स्पिंडल, कारण त्याची दिशा बेडशी (लेथच्या लांब पायाशी) बांधलेली असते. म्हणून आधी स्पिंडल पाहावा, मग काउंटर शाफ्ट स्पिंडलला समांतर करावा आणि शेवटी मोटर काउंटर शाफ्टला जुळवावी. मोटर आधी जुळवली आणि नंतर काउंटर शाफ्ट हलवला, तर पहिली सगळी मेहनत वाया जाते.

स्पिंडल आणि बॅक गिअर

पट्टा कोन पुलीवरून उतरवावा, बॅक गिअर (हळू चालीसाठीची गिअरजोडी) सोडवावा आणि चक (जॉब पकडणारा जबडा) हाताने फिरवून पाहावा. चांगला स्पिंडल तेलाचा हलका, सर्वत्र सारखा अवरोध देत फिरतो आणि हात काढल्यावर किंचित फिरून थांबतो. एका जागी जड आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर स्पिंडल वाकलेला असण्याची किंवा बुश लंबगोल झाल्याची शंका घ्यावी. सर्वत्रच जड लागत असेल तर आधी तेल पाहावे. बुश बेअरिंगच्या छोट्या स्पिंडलमध्ये कोणीतरी जाड गिअर ऑइल किंवा थेट ग्रीस भरलेले असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. अशा स्पिंडलला पातळ तेल हवे असते. छोट्या लेथना बहुधा आयएसओ व्हीजी (तेलाच्या जाडीचे माप) २२ किंवा ३२ दर्जाचे स्पिंडल ऑइल चालते, आणि यंत्राचे पुस्तक हाताशी असेल तर त्यात दिलेला दर्जाच पाळावा. जाड तेलाने मोटरची ताकद बुशमध्येच खर्च होते आणि त्याचा दोष मात्र पट्ट्याच्या माथी येतो.

यानंतर बुशमधला खेळ पाहावा. स्पिंडलच्या नाकावर (चककडच्या टोकावर) डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळ) लावावा, चकमध्ये हातभर लांब दांडा पकडून तो वर उचलावा आणि खाली दाबावा. छोट्या लेथवर ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर इतकी हालचाल ठीक समजावी. त्याहून बरीच जास्त असेल तर बुशच्या टोपीखालच्या शिममधून पातळ थर काढून ती कमी करता येते. शिम काढताना कोणती कोणत्या बाजूची हे लिहून ठेवावे आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच जाडीची काढावी. खेळ अजिबात राहू न देणेही तितकेच घातक आहे, कारण तेलाच्या थराला जागा उरत नाही आणि अर्ध्या तासात हेडस्टॉक हाताला चटका देऊ लागतो.

आता कोन पुली. बॅक गिअर वापरताना बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची, त्याला कोन पुलीशी जोडणारी) पिन काढलेली असते आणि कोन पुली स्पिंडलवर मोकळी फिरते. या मोकळ्या फिरण्यासाठी तिच्या आतल्या बुशला तेल लागते आणि ते तेल घालण्याचे भोक बऱ्याच लेथवर पुलीच्याच एका पायरीवर, बारीक स्क्रूने बंद केलेले असते. वर्षानुवर्षांची काजळी बसून तो स्क्रू दिसेनासा होतो. पायरीवर रॉकेलची चिंधी फिरवली की त्याची चीर उघडी पडते. तो स्क्रू कोणी उघडलेलाच नसेल तर बॅक गिअरमध्ये पुली स्पिंडलला चिकटू पाहते, चाल जड होते आणि पट्टा घसरतो. याच्या उलट चूकही पाहायला मिळते. भोकात तेल भडाभडा ओतले आणि स्क्रू परत बसवलाच नाही, तर पुली फिरू लागताच ते तेल पट्ट्याच्या आतल्या अंगावर पसरते. दोन-तीन थेंब पुरतात, आणि ते घातल्यावर स्क्रू बसवून पायरी कोरड्या कापडाने पुसावी.

बॅक गिअरचे दात एकमेकांत फार खोल बसले तरी चाल जड होते आणि गुरगुरल्यासारखा आवाज येतो. दोन दातांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून गिअर जुळवावा, बोल्ट आवळावा आणि गिअर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या खुणा स्पष्ट उमटल्या पण कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. बदलीच्या (आटे पाडताना बदलायच्या) गिअरनाही हीच रीत लागू होते. चक सोडण्यासाठी पिनही लावायची आणि बॅक गिअरही अडकवायचा, म्हणजे स्पिंडल जागीच जाम होतो, ही सवय मात्र मोडावी. ओतीव लोखंडाचे दात त्या झटक्याने तुटतात, आणि जुन्या लेथच्या बुल गिअरचा एक दात भरून परत कापून घेण्याचा खर्च व त्रास फार मोठा असतो.

काउंटर शाफ्ट

माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष इथे निघतात. चकमध्ये किंवा दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) एक सरळ ग्राइंड केलेला दांडा धरावा आणि त्या दांड्यापासून काउंटर शाफ्टपर्यंतचे अंतर, जागा मिळेल तितक्या दूरच्या दोन ठिकाणी मोजावे. टेपने हे अंतर नीट कळत नाही. लाकडाच्या पट्टीच्या दोन टोकांना खिळ्यांची टोके काढून ती पट्टी मापासारखी वापरली, तर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवतो. दोन्ही अंतरे सारखी आली म्हणजे शाफ्ट एका दिशेने समांतर झाला. दुसऱ्या दिशेसाठी स्पिरिट लेव्हल आधी बेडवर, लांबीच्या दिशेने ठेवावी आणि बुडबुडा कुठे थांबतो ते पाहावे. मग तीच लेव्हल तोंड न फिरवता काउंटर शाफ्टवर ठेवावी. बेड काटेकोर सपाट नसला तरी हरकत नाही, दोन्ही ठिकाणी बुडबुडा एकाच खुणेवर यायला हवा.

शाफ्ट समांतर झाल्यावरच पुल्यांच्या समोरासमोर असण्याचा प्रश्न येतो. गवंड्याची बारीक दोरी एका कोन पुलीच्या मधल्या पायरीच्या कडेला लावून दुसऱ्या पुलीपर्यंत ताणावी. दोन्ही पायऱ्यांची रुंदी सारखी असेल तर दोरी प्रत्येक पुलीच्या कडेला दोन, अशी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. रुंदीत फरक असेल तर त्या फरकाच्या निम्म्याइतकी फट अरुंद पुलीच्या बाजूला सोडावी, म्हणजे दोन्हींचे मध्य एका रेषेत येतात. काउंटर शाफ्टवरची पुली सरकवून घेतली की चावी (पुली शाफ्टला अडकवणारी पट्टी) पूर्ण लांबीत बसली आहे ना हे पाहावे. गोल शाफ्टवर फक्त ग्रब स्क्रूच्या (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूच्या) जोरावर धरलेली पुली आज ना उद्या सरकतेच. दर महिन्याला पट्टा एकाच बाजूला उतरत असेल, तर पुली आणि शाफ्टवर रंगाने एक आडवी रेघ ओढून ठेवावी. आठवड्याभरात रेघ तुटलेली दिसली, की दोष कुठे आहे यावर वाद उरत नाही.

चपट्या पट्ट्याच्या पुलीचा माथा मध्यभागी किंचित फुगीर ठेवलेला असतो, कारण पट्टा नेहमी मोठ्या व्यासाकडे चढतो आणि त्यामुळे आपोआप मध्यावर येतो. हा फुगवटा फार थोडा असतो, पुलीच्या रुंदीच्या साधारण एक टक्का. पुली जुनी होऊन तो झिजला किंवा कोणी पुली नव्याने टर्न करताना माथा अगदी सपाट केला, तर पट्टा भटकू लागतो. सरळपट्टी पायरीवर आडवी ठेवून उजेडासमोर धरली, की दोन्ही कडांना फट दिसते की नाही ते लगेच कळते. फुगवटा कितीही चांगला असला तरी तिरक्या शाफ्टची भरपाई तो करू शकत नाही, म्हणून पुलीला हात लावण्याआधी समांतरपणा पक्का करावा.

पट्ट्याचा वेग : दुर्लक्षित राहणारे कारण

सर्व काही सरळ रेषेत असूनही पट्टा घसरत असेल, तर वेगाचे गणित मांडावे. समजा, मोटर १४४० फेऱ्यांची आहे, तिच्यावर ६५ मिलिमीटरची पुली आहे आणि काउंटर शाफ्टवर २५० मिलिमीटरची. काउंटर शाफ्टला मिनिटाला सुमारे ३७४ फेऱ्या मिळतात. कोन पुल्यांच्या पायऱ्या १५०, १२० आणि ९० मिलिमीटरच्या, एकमेकींना उलट्या लावलेल्या असतील, तर स्पिंडलला अंदाजे ६२४, ३७४ आणि २२५ फेऱ्या मिळतात, आणि बॅक गिअर सहास एक असेल तर १०४, ६२ आणि ३७.

आता मधल्या पायरीवरच्या पट्ट्याचा वेग काढला, तर तो सेकंदाला सुमारे २.३५ मीटर येतो. मोटरकडचा व्ही बेल्ट मात्र सेकंदाला ४.९ मीटर धावतो. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग, त्यामुळे तेवढीच शक्ती नेताना कोन पुलीवरच्या पट्ट्याला व्ही बेल्टच्या दुपटीहून अधिक ओढ सहन करावी लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट त्या वेगाने पोहोचवायची, तर पट्ट्याच्या ताणलेल्या आणि सैल बाजूंत ३१७ न्यूटनचा, म्हणजे सुमारे ३२ किलो वजनाइतका फरक पडावा लागतो. अर्ध्या अश्वशक्तीसाठी घडवलेल्या अरुंद पट्ट्याकडून ही अपेक्षा करणे बरोबर नाही. पट्टा घसरतो म्हणून मोठी मोटर बसवणारे गृहस्थ या कारणानेच फसतात.

याच कारणाने, स्पिंडल हळू फिरावा म्हणून मोटरवर आणखी लहान पुली बसवणेही चुकीचे आहे. त्याने कोन पुलीवरच्या पट्ट्याचा वेग अजून उतरतो, ओढ वाढते, शिवाय लहान पुलीभोवती व्ही बेल्टची मिठीही कमी होते. हळू चाल हवी असेल तर बॅक गिअर वापरावा, तो त्याचसाठी दिलेला असतो. अमेरिकेतून आलेल्या लेथच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथली वीज ६० हर्ट्झची आणि मोटर १७२५ फेऱ्यांची असते. मूळ पुल्या तशाच ठेवून आपली ५० हर्ट्झवरची १४४० फेऱ्यांची मोटर जोडली, तर प्रत्येक पायरीवर वेग सुमारे १६ टक्क्यांनी कमी मिळतो. तिथे मोटरची पुली त्याच प्रमाणात मोठी करणे हा खरा उपाय आहे.

पट्ट्याविषयी थोडे. कातडी पट्ट्याची गुळगुळीत, केसाकडची बाजू पुलीकडे ठेवावी. पकड तिचीच चांगली असते. पुण्यात जूनपासून हवा दमट झाली की कातडे नरमते, ताणले जाते आणि उन्हाळ्यात नीट चालणारा पट्टा पावसाळ्यात सैल पडतो. अशा वेळी राळ लावून पकड वाढवण्याचा मोह होतो, पण राळेचा थर पुलीवर चकाकी धरतो आणि पुढच्या खेपेला पट्टा अधिकच घसरतो. नवा पट्टा घ्यायचा असेल तर आतून नायलॉनचा आणि पुलीकडे कातड्याचा थर असलेला घ्यावा, तो हवेने फारसा ताणला जात नाही आणि पट्टेवाले मापाप्रमाणे सांधून देतात. सांधा स्पिंडल न काढता लेथवरच करता येईल का, हे माप देतानाच विचारावे. पट्ट्यावर दिशेचा बाण असेल तर तो पाळावा.

मोटर आणि व्ही बेल्ट

छोट्या लेथवर बहुधा ए सेक्शनचा बेल्ट असतो, वरून १३ आणि उंचीला ८ मिलिमीटर. तो खोबणीच्या दोन्ही बाजूंना पकडून चालतो, तळाला कधीही टेकता कामा नये. पुलीच्या खोबणीचा तळ चकचकीत दिसला तर खोबण किंवा बेल्ट झिजला आहे असे समजावे, मग कितीही आवळले तरी पकड येणार नाही. लहान पुलीची खोबण ३४ अंशांची आणि मोठीची ३८ अंशांची असते, कारण लहान घेरात वाकताना बेल्टच्या बाजू फुगून त्याचा कोन बदलतो. कोणाकडून पुली टर्न करून घेताना दोन्हींना एकच कोन दिला जातो, तो टाळावा. ताणाचे माप असे की दोन पुल्यांमधल्या मोकळ्या लांबीच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास दर १०० मिलिमीटर लांबीमागे दीड मिलिमीटरच्या आसपास बेल्ट दबावा.

मोटरचे चारही पाय पाटावर बसतात का हेही पाहावे. एक बोल्ट सैल करताच तो पाय उचलला गेला, तर त्याखाली शिम घालावी, नाहीतर बोल्ट आवळताना मोटर तिरकी होते आणि आधी जुळवलेली रेषा बिघडते.

वीजपुरवठ्याकडे शेवटी पाहावे, पण पाहावे जरूर. इंडक्शन मोटरची जास्तीत जास्त पीळशक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ती जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटते. म्हणून लांब, बारीक वायरीवर चालणाऱ्या लेथवर कट चालू असताना मोटरच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे, रिकाम्या चालीत मोजून काहीच कळत नाही. मोटर कण्हत सुरू होत असेल तर कपॅसिटर तपासून घ्यावा.

जॉबवरच्या खुणा वाचणे

पट्टा घसरत नाही, पण फिनिश कटवर बारीक पट्टे किंवा लाटा येतात, अशीही तक्रार असते. इथे फीडचा (एका फेरीत हत्यार किती सरकते त्याचा) आकडा मदतीला येतो. समजा कोन पुलीवरच्या पट्ट्याची लांबी १५०० मिलिमीटर आहे आणि तो १२० मिलिमीटरच्या पायरीवर चालतो. पायरीचा परीघ ३७७ मिलिमीटर, म्हणजे पट्ट्याचा सांधा स्पिंडलच्या सुमारे चार फेऱ्यांत एकदा पुलीवर येतो. फीड फेरीमागे ०.१ मिलिमीटर असेल तर सांध्याची खूण दर ०.४ मिलिमीटरला उमटेल. फीड दुप्पट करून पाहावे. खुणांमधले अंतरही दुप्पट झाले तर दोष पट्ट्याच्या सांध्यात आहे. याउलट जॉबच्या घेरावर एका फेरीत चारच्या आसपास लाटा दिसत असतील, तर मोटरकडे वळावे, कारण मोटरच्या १४४० आणि मधल्या पायरीवर स्पिंडलच्या ३७४ फेऱ्यांचे गुणोत्तर ३.८५ आहे. तिथे मोटरची पुली आऊट मारत (मध्य सोडून वेडीवाकडी फिरत) आहे का ते डायल लावून पाहावे. बरेच दिवस बंद राहिलेल्या लेथचा व्ही बेल्ट पुलीच्या आकारात आखडून बसतो, त्यानेही सुरुवातीला अशा खुणा येतात, आणि बेल्ट गरम झाल्यावर त्या मंदावत असतील तर पुल्या टर्न करत बसण्यापेक्षा बेल्टच बदलावा.

शेवटचा ताण

काउंटर शाफ्ट मागे असलेल्या लेथवर स्पिंडल सरळ फिरतो तेव्हा पट्ट्याची खालची बाजू ताणलेली आणि वरची सैल असते. ही रचना चांगली आहे, कारण वरचा पट्टा थोडा झोल खाऊन पुलीला जास्त मिठी मारतो. उलट फिरवताना हे बदलते, म्हणून त्याच ताणावर पट्टा उलट चालीत लवकर घसरेल, आणि त्यावरून ताण ठरवू नये. सर्व जुळवून झाल्यावर पट्टा इतकाच आवळावा की नेहमीचा कट निघेल आणि हत्यार जॉबमध्ये अडकले तर मात्र पट्टा घसरून जाईल. चपट्या पट्ट्याचे हे घसरणे जुन्या लेथचे संरक्षण आहे. त्याने कितीतरी बुल गिअर आणि कितीतरी बोटे वाचवली आहेत, म्हणून ते पूर्णपणे बंद करणे मला मान्य नाही.

व्हीएफडी (विजेची फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण) लावून तीन फेजची मोटर चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. फ्रीक्वेन्सी खाली आणून मिळालेल्या हळू चालीत बॅक गिअरसारखी वाढीव पीळशक्ती मिळत नाही, आणि मोटरचा स्वतःचा पंखा मंद झाल्याने ती तापते. शिवाय जुन्या लेथचा चक बहुधा आट्यांवर बसवलेला असतो, त्यामुळे थांबण्याचा वेळ व्हीएफडीमध्ये फार कमी ठेवला तर स्पिंडल थांबतो आणि चक आपल्या जोराने सुटून बाहेर येतो. हा वेळ काही सेकंदांचा ठेवावा, आणि अशा चकवर उलट चालीत कट घेऊ नये.

नवा पट्टा बसवल्यावर पहिला तास लेथ रिकामा चालवावा, मधूनमधून थांबवून काउंटर शाफ्टच्या दोन्ही बुशना आणि हेडस्टॉकला हात लावून पाहावा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतके गरम झाले, तर ताण कमी करून बुशचे तेल पुन्हा तपासावे. पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर नवा पट्टा थोडा ताणला जातो, तेव्हा ताण पुन्हा जुळवावा आणि त्याच वेळी पुलीवरची रंगाची रेघ व मोटरचे बोल्टही पाहून घ्यावेत.